पानाच्या डब्यातल्या पट्ट्या

पत्रकं लिहिणं हे माझं काम. अमरावतीत आम्ही पाचसात जण दवाखान्यांच्या प्रश्नांवर काम करतो. कुठं औषध मिळत नसेल तर तिथं जाऊन उभे राहतो, भांडतो, आणि भांडण्याआधी एक कागद छापून वाटतो. कागद एका पानाचा, अक्षर मोठं, वाक्य लहान. पहिल्या ओळीला माणूस थांबला पाहिजे आणि शेवटच्या ओळीला हलला पाहिजे, असं मला शिकवलं गेलं. बोलायची सवयही तशीच लागली. बाबा म्हणतात, "हे पोट्टी बोलत नाई, कागद वाटते."

पण आमच्या घरातला गेला उन्हाळा मला अजून एका पानात बसवता आलेला नाही. म्हणून हे लांबडं लिहिते आहे.

बाबा अकोल्याला एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहेत. कापसाची गाडी भरलेली चढते, मग रिकामी चढते, आणि मधला फरक बाबा मोठ्यानं पुकारतात. सारी हयात त्यांनी हाच एक आकडा पुकारला. ओला कापूस त्यांना मुठीत कळतो. वरचा थर कोरडा आणि खाली पाणी शिंपडलेलं, अशी गाडी आली की ते कोपरापर्यंत हात आत घालतात, मूठ बाहेर काढतात आणि गाडीवाल्याकडे नुसतं पाहतात. शिवी देत नाहीत. द्यावी लागत नाही.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या बेंबीशेजारी एक गोळा दिसायला लागला. खोकलं की फुगायचा, आडवं झालं की आत जायचा. हर्निया. सर्जननं पोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला लावलं, आणि कागद बघून म्हणाला, "पोट उतरवा, साखर खाली आणा, मग या. एवढ्या साखरेवर जखम भरणार नाही, आणि एवढ्या पोटावर टाके टिकणार नाहीत." बाबांना साखर आहे हे आम्हाला असं कळलं, दुसऱ्याच कामाला गेलो असताना.

तो हंगाम त्यांनी पोटाला पट्टा बांधून काढला. मालकानं सांगितलं, "काका, पुढच्या दसऱ्याले तब्येत साथ देत असंन त या. नाईतर तुमी आराम करा, मी कोनी दुसरा पाहतो." प्रेमानं सांगितलं. माणसाला कामावरून काढायची गोष्ट आमच्याकडे प्रेमानंच सांगतात. म्हणजे हिशेब सरळ होता. दसऱ्याच्या आत ऑपरेशन झालं तर काटा बाबांचा. नाही झालं तर घरी बसायचं, आणि बाबांना घरी बसता येत नाही. रविवारीसुद्धा ते गल्लीतल्या गाड्या मोजतात.

साखर मोजायचं मशीन मी घेऊन गेले. आमच्या पत्रकात मीच लिहिलं होतं: 'अंदाजावर जगू नका. साखर मोजा, ताट बदला, वजन उतरवा.' बाबांनी मशीन हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काटा बराबर हाय कायच्यावरून?"

"नवीन आहे बाबा."

"नवाच काटा जास्त बनवते माणसाले. तपासल्याबिगर मी माल घेत नाई."

मग आधी आईचं बोट टोचलं, मग माझं, मग त्यांचं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त दिलं आणि तिथून बाहेर आल्या आल्या पायरीवर बसून मशीनवर मोजलं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे निघाले. "चालते," बाबा म्हणाले. त्या क्षणापासून मशीनचं नाव पडलं 'लहान काटा', आणि लहान काट्याचा शब्द घरात शेवटचा झाला.

ते हिवाळ्याचे महिने मला फार आवडले होते. मधुमेहावर लोक इतकं खोटं विकतात की संताप येतो: मुळापासून साखर घालवणारी चूर्णं, चपलेत घालायच्या बिया, कुठला तरी काढा. आणि दवाखान्यात म्हणतात, 'आहार सांभाळा'. काय सांभाळायचं? माणूस काय खातो हे विचारायला कोणाला वेळ आहे? इथं मात्र बाबा स्वतः शोधत होते. जेवल्यावर दोन तासांनी मोजायचं, आणि ताटातला चोर पकडायचा. पोह्यांसोबत गोड चहा घेतला की आकडा उसळी मारायचा. एक भाकर, वांग्याची भाजी आणि वाटीभर वरण, आकडा शहाण्यासारखा बसायचा. तिसरी भाकर घेतली की उठायचा. फोडणीचा भात तर दरोडेखोर निघाला. आणि सर्वांत मोठा शोध म्हणजे, जेवून लगेच न लवंडता रेल्वे फाटकापर्यंत चालून आलं की तेच जेवण कमी चढायचं.

"अवं, भाकर तेच, वांगं तेच," ते आईला सांगायचे, "फक्त माणूस चालून आला. तरी आकडा उतरला! म्हंजे बसणंबी खाण्यातच धरतात."

आई म्हणायची, "मी तीस वर्षं सांगून राह्यली, जेवून लोळू नका. तवा मशीन नोती ना मह्याजवळ."

टोचायचं काम आईचं होतं. बाबांची बोटं जाड, काट्याच्या कठड्यानं निबर झालेली, त्यांना पट्टी धरता येत नसे. आई सुई लावायची, थेंब काढायची, पट्टीला चाटवायची आणि चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचायची. मग बाबा मला अमरावतीला फोन करून तो आकडा जिनिंगच्या आवाजात पुकारायचे. शिवरात्रीपर्यंत कमरेच्या पट्ट्याची दोन भोकं आत गेली होती. वजन हळूहळू उतरत होतं. साखरेचं पाहणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "असंच चालू द्या. उन्हाळा संपताना तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करू आणि सर्जनला चिठ्ठी देऊ."

मग उन्हाळा आला. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. दुपारी नळाचं पाणी चहाला वापरावं. गाद्या भिंतीपासून लांब ओढाव्या लागतात. एके दिवशी दुपारी आईनं पट्टी खुपसली तर मशीननं आकडा दाखवायच्या ऐवजी थर्मामीटरचं चित्र दाखवलं आणि बंद पडलं.

"यालेच ताप आला वाट्टे," बाबा म्हणाले.

आई औषधाच्या दुकानात गेली. दुकानदारानं गर्दीतून वर न बघता सांगितलं, "गरमीनं होते मावशी. पट्ट्याबी खराब होतात. थंड जागी ठेवा."

आता थंड म्हणजे काय? जगात इतरत्र काय असेल ते असो. अकोल्यात थंड म्हणजे ओलं. माठ थंड, कारण तो पाझरतो. कूलर थंड, कारण त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडतं. डोक्यावरचा दुपट्टा थंड, कारण तो भिजवलेला. ओलाव्याशिवायची थंडी आमच्या घरात एकाच ठिकाणी होती, फ्रीजमध्ये, आणि तिथं दुधाशेजारी रक्ताच्या पट्ट्या ठेवणं आईच्या मनातही आलं नसतं.

आई अंजनगावाकडची. तिच्या माहेरी पानमळा होता. उन्हाळ्यात पान कसं जपायचं हे तिला कोणी शिकवलेलं नाही, तिनं ते पाहत पाहत घेतलंय. स्टीलचा डबा, त्यात पिळून घेतलेलं मलमलचं फडकं, फडक्याच्या घडीत पान, आणि डबा माठाखालच्या वाळूत. आठवडाभर पान कोवळं राहतं. तिनं पट्ट्यांकडे पाहिलं. पातळ, नाजूक, पानासारख्या. ज्या प्लास्टिकच्या डबीत त्या मिळाल्या होत्या ती डबी तापून कढत झाली होती. तिनं पट्ट्या डबीतून काढल्या, पानाच्या डब्यात फडक्याच्या घडीत निजवल्या, आणि डबा वाळूत ठेवला. मशीन कूलरसमोरच्या स्टुलावर. दुसऱ्या दिवशीपासून थर्मामीटर दिसेनासं झालं. मशीन थंडावलं होतं. आकडे यायला लागले.

हे तिनं कोणाला सांगितलं नाही. लपवलं असं नव्हे. मिठाची बरणी कुठं ठेवली हे कोणी कोणाला सांगतं का?

आणि आकडे काय सुंदर यायचे! मधूनच एखादी पट्टी नुसती चूक दाखवून वाया जायची, की आई दुसरी लावायची. बाबांचा फोनवरचा आवाज दिवसेंदिवस चढत गेला.

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी घरी होते. अंजनगावहून मामा आला होता, आईचा थोरला भाऊ. आमच्याकडे त्या दिवशी आंब्याचा रस आणि सरगुंडे असतात. सरगुंडे म्हणजे काडीवर वळून वाळवलेल्या पोकळ शेवया. उकडून रसात घालायच्या, वर तूप. बाबांच्या ताटात आईनं भाकर वाढली आणि वाटीत चमचाभर रस.

मामानं वाटीकडे पाहिलं. "हे काय वं बाई? जवायाले दृष्ट काढाले रस देल्ला काय?"

"त्याइले चालत नाई, दादा."

"चालत नाई कोन म्हंते? भाऊजी, तुमची ते मशीन कायच्यासाठी हाय? खा, अन् मोजा. चढली त उद्यापासून बंद."

मी म्हणाले, "मामा, प्रयोग करायला ते बेडूक नाहीत."

"तू चूप बस वं, कागदवाली. मी त्याइले सांगून राह्यलो."

बाबांना तो युक्तिवाद पटला, कारण तो त्यांचाच होता. माल आला की वजन करा, भांडू नका. त्यांनी रस घेतला. सरगुंडे घेतले. पुन्हा घेतले. दोन तास आम्ही सगळे कूलरसमोर निकालाची वाट पाहत बसलो होतो, मामा तर घड्याळ हातात घेऊन. आईनं टोचलं, चष्मा वर केला, आणि तिचा चेहरा उजळला. एकशे एकोणीस.

"एकशे एकोनीस!" बाबांनी पुकारलं. "मले आंबा चालते! भाकर चढते, अन् आंबा चालते!"

"सांगतलं नोतं म्या?" मामा म्हणाला. "आंबा थंड रायते पोटाले."

मी काहीतरी पुटपुटले, पण लहान काट्यापुढे माझं काय चालणार? मी स्वतःच आणलेला काटा. त्या दिवसापासून बाबा रोज रस घ्यायला लागले, आणि तोंडी लावायला आकडा होताच.

वैशाख संपता संपता त्यांचं वजन भराभर उतरलं. गल्लीतल्या बायका आईला विचारायच्या काय करतेस म्हणून. गळ्याची हाडं दिसायला लागली. गोळा पोट आत गेल्यामुळे उलट जास्त उठून दिसत होता, पण तो तर काढायचाच होता. तहान फार लागायची. माठ संध्याकाळपर्यंत रिकामा. पण चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात अकोल्यात तहान कोणाला लागत नाही? थकायचे, कोण थकत नाही? रात्री चारचारदा उठायचे. एवढं पाणी प्यायल्यावर उठणारच. प्रत्येक लक्षणाला उन्हाळ्यानं आपलं कारण देऊन ठेवलं होतं. आणि वजन तर आम्हाला हवंच होतं ना कमी व्हायला? जे मागितलं ते मिळत असताना माणूस ते का मिळतंय असं विचारत नाही. आमच्या मंडळानं नव्या पत्रकासाठी एक उदाहरण मागितलं होतं. मी ओळी जुळवायलाही घेतल्या होत्या, काट्यावरच्या माणसानं पोट कसं उतरवलं त्याच्या.

मृगाच्या आसपास आम्ही तिघं डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांच्या टेबलावर लॅबचा कागद होता, तीन महिन्यांच्या साखरेचा. बाबा बसायच्या आधीच म्हणाले, "बाई, चिठ्ठी देऊन टाका. आता कमी व्हायले काही उरलंच नाई."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे, त्यांच्या सैल सदऱ्याकडे पाहिलं. "काका, ही साखर पहिल्यापेक्षा जास्त आहे. दिवाळीनंतर होती तिच्यापेक्षा. पुष्कळ जास्त."

"लॅबवाल्यानं बाटली बदलली असंन."

"मग इथं मोजू." त्यांनी आपल्या मशीनवर मोजलं आणि मशीन बाबांसमोर धरलं. तीनशेच्या वर होती. बाबांनी आयुष्यात कधी आकड्यापुढे मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती.

"आमचीवर पहा," आई म्हणाली. तिनं पिशवीतून मशीन काढलं आणि मग, त्याच पिशवीतून, स्टीलचा डबा. झाकण उघडलं, फडक्याची घडी अलगद उलगडली आणि एक पट्टी दोन बोटांत धरली. वाटेत उन्हानं फडकं सुकू नये म्हणून तिनं निघताना ते पुन्हा भिजवलं होतं.

डॉक्टरबाईंनी हात पुढे केला. "मावशी, या अशा ठेवता तुम्ही?"

"हाव," आई म्हणाली, आणि मला तिचा तो आवाज अजून ऐकू येतो. त्यात अभिमान होता. "एवढ्या उन्हात एकबी पट्टी सुकू देल्ली नाई म्या. पानासारखी जपली."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की पट्टीवर एक औषध लावलेलं असतं आणि हवेतल्या ओलीनंसुद्धा ते बिघडतं, मग पट्टी मनाला येईल तो आकडा दाखवते. कधी कमी, कधी जास्त, कधी नुसतीच चूक. म्हणून ती तिच्याच डबीत, झाकण घट्ट लावून, कोरड्या जागी ठेवायची. वजनाचंही सांगितलं. साखर एवढी वाढली की शरीराला ती वापरता येत नाही, लघवीतून वाहून जाते, आणि शरीर स्वतःचंच मांस जाळायला लागतं. "हे उतरलेलं वजन नाही काका. हे गळालेलं आहे."

ऑपरेशन पुढे ढकललं. काही महिने इन्सुलिन. गणपतीनंतर पुन्हा तपासणी.

रिक्षानं परत निघालो. फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा बाबा एकदम हसले, कोरडं. "पाह्य गड्या. जिंदगीभर ओला कापूस पकडला. अन् घरात ओली पट्टी सापडली नाई मले."

आई हसली नाही.

बातमी अंजनगावला पोचायला वेळ लागला नाही. मामाचा फोन आला. ज्यानं महिन्या-दीड महिन्यापूर्वी रस चालतो म्हणून घड्याळ हातात घेतलं होतं, तो म्हणाला, "बाईनं त मारलंच असतं भाऊजीले." फोन मोठ्या आवाजावर होता. आई तिथंच भाजी निवडत होती. मी फोन हिसकावून मामाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण एकही शब्द मागे घेत नाही. मग आत जाऊन मी मशीनच्या खोक्यातली माहितीची घडी उघडली. पलंगभर झाली. अक्षर मुंग्यांचं. इंग्रजी होती आणि आणखी कितीतरी भाषा, ज्यांच्या लिप्यासुद्धा मला ओळखता आल्या नाहीत. मराठी नव्हती. तिथं थंड आणि कोरडं असे दोन्ही शब्द होते. दुकानदारानं त्यातला एकच तोंडी दिला. लिहिणाऱ्याला वाटलं आपण सांगितलं, विकणाऱ्याला वाटलं आपण सांगितलं, आणि माझं पत्रक तर 'साखर मोजा' म्हणून मोकळं झालेलं. चूक मात्र एकट्या त्या बाईची, जिनं जिवापाड जपलं. आमच्याकडे जबाबदारी उतारावरून वाहते. सर्वांत खाली जी बसलेली असते तिच्या पदरात जमा होते.

नव्या पट्ट्या आणल्या. डबी कपड्यांच्या कपाटात, वरच्या खणात. आणि आईनं मशीनला हात लावणं सोडलं. इन्सुलिन देणं मला शिकवलं गेलं, मी ते बाबांना शिकवलं, पण रोज सकाळी मोजायचं कोणी? मी अमरावतीला निघायची होते. बाबांनी स्वतः प्रयत्न केला. जाड बोटांनी दोन पट्ट्या वाकवल्या, तिसरीवर थेंब सांडवला. आई ओट्याशी पाठ करून उभी.

"ये वं," बाबा म्हणाले.

"मह्याच्यानं होत नाई."

"काल त होत होतं."

"कालचं पाह्यलं ना काय झालं ते? पोरीले सांगा. शेजारच्याले बलवा. कोनालेबी बलवा."

बाबांनी सुई खाली ठेवली. "मंग मीबी मोजत नाई. जिनिंगमधी काटा बिघडला होता एका साली, त मालकानं काटा बदलला. मले नाई काढलं." सांडलेला थेंब पुसत म्हणाले, "अन् इथं त काटाबी चांगला हाय, अन् माणूसबी चांगलं हाय. निरा पट्टीच ओली होती. तिच्यासाठी तू मह्या ऑपरेशनचा दसरा घालवतं काय?"

आई वळली नाही. पण तिनं हात धुतले. पदराला नीट कोरडे केले, बोट न् बोट, आणि मग पुढे आली.

दोनशे ऐंशी. बाबांनी तो आकडाही पुकारला, पूर्वीच्याच आवाजात.

पावसाळाभर ते आकडे पायरी पायरीनं उतरले. कुरूप आकडे होते, पण खरे. आंब्याचे दिवस तर गेलेच होते; भाकर एकवर आली, फाटकापर्यंतची फेरी छत्री घेऊन सुरू झाली. आणि एक गोष्ट झाली जिच्यासाठी आमच्यापैकी कोणीच तयार नव्हतं. बाबांचं वजन वाढलं. इन्सुलिननं साखर अंगी लागायला लागली, गाल भरले, पट्टा एक भोक मागे गेला. ते घाबरले. मीही घाबरले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत्ता हे वाढणं बरं. आधी गेलेलं परत येऊ द्या, मग पोट उतरवू." तसंच झालं. पोळा होऊन गेला तेव्हा काटा पुन्हा खाली यायला लागला, हळू, कंटाळवाण्या गतीनं. मी आमच्या पत्रकाचा जुना मसुदा पाहिला. 'वजन उतरवा.' आज्ञा द्यायला दोन शब्द पुरतात. कुठलं वजन, कशानं उतरलेलं, हे सांगायला सबंध उन्हाळा लागला होता.

गणपतीनंतर तपासणी झाली. आकडा पूर्ण चांगला नव्हता, पुरेसा होता. सर्जननं दसऱ्याच्या आधीची तारीख दिली.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डात नर्स आली, बोट टोचलं, लिहून घेतलं आणि निघाली. आईनं तिला थांबवलं. "बाई, कितीक आला?"

"एकशे बत्तीस. छान आहे मावशी."

"दुसऱ्या मशिनीवर एकदा पाह्यता काय?"

नर्सच्या कपाळाला आठी पडली. बाबा खाटेवरून म्हणाले, "पाह्य माय, पाहून घे एकदा. नाईतर हे मले आत जाऊ देत नाई." नर्सनं दुसरं मशीन आणलं. एकशे अठ्ठावीस. आईनं मान हलवली. मग त्यांनी बाबांना नेलं.

आम्ही दोघी बाकावर बसलो. बराच वेळ ती समोरच्या दाराकडे पाहत होती. मी नव्या पत्रकाचा कागद काढला होता, हाताला काही चाळा हवा म्हणून. पट्ट्या कशा ठेवायच्या एवढाच विषय, मोठ्या अक्षरात. 'कोरड्या जागी' हे मी सर्वांत वर घेतलं होतं.

"वाच," आई म्हणाली.

वाचलं.

"त्यात कुठी ठेवू नये ते नाई लेहलं."

"लिहिलंय की. ओलसर जागी ठेवू नये."

"वलसर म्हंजे काय? असं कोनी आपल्या घराले वलसर म्हंते काय?" ती अजून दाराकडेच पाहत होती. "माठाखालची वाळू लेह्य. कूलर लेह्य. पानाचा डबा लेह्य."

"आई, लोक विचारतील कोणी ठेवल्या होत्या म्हणून."

"इचारू दे. मामाले त ठाऊकच हाय." तिनं पदर सारखा केला. "अन् असंबी लेह्य का ते बाई येडी नोती. तिले कोनी पुरं सांगतलं नाई."

मी लिहायला घेतलं. ते वाक्य पत्रकात कसं बसवायचं ते मला कळेना; आम्ही पत्रकात खुलासे देत नाही, मागणी करतो. मी खोडलं, पुन्हा लिहिलं. तेवढ्यात दार उघडलं आणि आतल्या माणसानं बाबांचे नातेवाईक कोण म्हणून विचारलं. "झालं व्यवस्थित. पोटाला आतून जाळी बसवली. शुद्धीवर येताहेत, एक जण आत या."

आई उठली. दोन पावलं गेली आणि परत फिरून माझ्याजवळ आली.

"लेहलं काय?"

"लिहिते आहे."

"लेह्य," ती म्हणाली, आणि आत गेली.